रेग्युलेटर स्वतः उघडणारा बेजबाबदार कसा?

तळठाव

दोन दिवसांपूर्वी इथे, या स्कूबा डाइव्हिंगच्या फोरमवर, एकाने लिहिलं: "स्वतःचा रेग्युलेटर स्वतः सर्व्हिस करणारा स्वतःच्या जिवाशी खेळतोच, शिवाय बडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराच्या, जिवावरही उठतो. अशांबरोबर मी पाण्यात उतरत नाही." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी १२ वर्षं माझे रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारी साधनं, स्वतः उघडतोय. ते वाक्य मला लागलं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी हे काम शिकलो ते हौस म्हणून नाही. पैसे मोजून सर्व्हिस करून आणलेल्या सेटवर पहिल्याच डाइव्हला, १८ मीटरवर, सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा धो धो वाहायला लागली. बडी हाताच्या अंतरावर होता, त्याच्या ऑक्टोपसवर, म्हणजे जादा सेकंड स्टेजवर, वर आलो. घरी आयपी गेज, म्हणजे दोन स्टेजमधला दाब मोजणारा मीटर, लावला. सुई साडेनऊ बारवर थांबायला हवी होती, ती सरकत सरकत १२ पर्यंत गेली. टाकीवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजची नवी सीट, म्हणजे हवा अडवणारी चकती, धड बसलीच नव्हती. पाच मिनिटं गेज लावून ठेवला असता तर हे टेबलावरच कळलं असतं. कुणी लावला नव्हता.

आता मी काय करतो ते वाचा आणि मग बेजबाबदार म्हणा. जोडणी झाली की पर्ज, म्हणजे हवा सोडायचं बटण, पन्नासेक वेळा दाबून सीट बसू देतो. आयपी दोनदा बघतो, भरलेल्या टाकीवर आणि जवळजवळ रिकाम्या टाकीवर. दहा मिनिटं सुईवर नजर, दुसऱ्या दिवशी पुन्हा. क्रॅकिंग, म्हणजे किती ओढीला हवा सुटते ते, मॅनोमीटरवर, पाण्याच्या तीन सेंटिमीटरच्या आसपास. फर्स्ट स्टेजचं तोंड बंद करून माउथपीसमधून ओढतो, जराही हवा आली तर डायफ्रॅम आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह परत काढतो. पहिली डाइव्ह उथळ पाण्यात. सगळे आकडे वहीत. तुमच्या टेक्निशियनने तुम्हाला आकड्यांचा कागद कधी दिलाय?

पितळी

मी तो टेक्निशियन. तुमचा नाही, पण १९ वर्षं याच कामाच्या टेबलावर बसलोय, म्हणून बोलतो.

घरगुती सर्व्हिसचं काय काय माझ्यापुढे येतं ते ऐका. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, काढायला स्टीलचा टोच्या वापरलेला, खाचेत ओरखडा, आता कितीही नवी ओ-रिंग घाला, गळणारच. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत ठेवलेली बॉडी, क्रोम सोलून पितळ उघडं पडलेलं. फर्स्ट स्टेजमधल्या पिस्टनच्या धारेला टवका, कारण काढताना तो पान्यावर आपटला. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे डेको टाकीचा (वर येतानाच्या थांब्यांवर वापरायच्या टाकीचा) रेग्युलेटर, शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा, आत साधं सिलिकॉन ग्रीस फासलेलं. त्या माणसाला ऑक्सिजनसाठी वेगळं ग्रीस लागतं हेच माहीत नव्हतं.

तुमची वही उत्तम आहे. पण तुमचा धागा वाचून उद्या जो पाना उचलेल त्याच्याकडे वही नसेल. त्याची जबाबदारी कुणाची?

बुडबुडा

ग्रीसचं माहीत नव्हतं, कारण मॅन्युअल त्याला मिळूच दिलं नाही! कुणी यावर बोलतच नाही. बहुतेक कंपन्या सर्व्हिस किट फक्त अधिकृत डीलरला देतात. मॅन्युअल डीलरला, खास हत्यारं डीलरला. वर 'आयुष्यभर सुटे भाग फुकट' म्हणून योजना, आणि एका वर्षी सर्व्हिसची तारीख हुकली की हक्क संपला. भाग फुकट, मजुरी मात्र दरवर्षी. माझ्या मालकीच्या वस्तूतली दोन रबरी कडी मला विकायला नकार देतात आणि वर मलाच अडाणी म्हणतात. आधी माहिती खुली करा, मग चुका मोजा.

पितळी

कंपनी किट देत नाही ते मी ठरवत नाही. पण उद्या चुकीच्या जोडणीमुळे कुणी बुडालं तर पहिली नोटीस भाग विकणाऱ्याला जाते, हेही लक्षात घ्या.

रडारखाली

मी विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलं, डाइव्हिंग नंतर आलं. तळठाव यांच्या किश्शात मला नवल वाटलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर ठरलेली तपासणी असे. तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत ना? उलट तपासणी झाल्या झाल्या अचानक निघणाऱ्या दुरुस्त्या वाढत आणि मग तास जातील तशा कमी होत. म्हणजे उघडझाक करण्यानेच बिघाड आत येत होता. पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावर अहवाल लिहिला. त्यात वय वाढलं म्हणून बिघडणारे भाग जेमतेम ११ टक्के निघाले.

तेव्हा 'कोणी उघडायचं' यावर भांडण्याआधी 'दरवर्षी उघडायचंच कशाला' हे विचारा.

शेवाळ

हे विमानाचं गणित समुद्रात आणू नका, प्लीज. विमान खाऱ्या पाण्यात बुडवून, वाळवायचं विसरून, डिकीत आठवडाभर ठेवत नाहीत. मी इन्स्ट्रक्टर आहे. विद्यार्थी धुताना डस्ट कॅप न लावता फर्स्ट स्टेज बादलीत टाकतात, पर्ज दाबून पाणी आत ढकलतात. वर्षभराने उघडलं की फिल्टर हिरवा. तो फिल्टर चोंदला की वर काहीच कळत नाही, ३० मीटरवर श्वास जड होतो आणि माणूस घाबरतो.

रडारखाली

मग फिल्टर बघा! तो बाहेरून दिसतो, त्यासाठी सीट बदलायची गरज नाही. तपासणं वेगळं, उघडणं वेगळं. आयपी स्थिर आहे, क्रॅकिंग बदललेलं नाही, फिल्टर स्वच्छ आहे, तर आतली चांगली बसलेली सीट काढून अनोळखी सीट का घालायची? आता कित्येक कंपन्याही दरवर्षी फक्त तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिस असं सांगतात.

शेवाळ

रबर नुसतं पडूनही कडक होतं. १० वर्षं कपाटात ठेवलेला सेट गेजवर ठीक दाखवेल आणि पाचव्या डाइव्हला दगा देईल. माझ्या बाबतीत झालंय. मित्राचा 'जवळजवळ न वापरलेला' सेट उधार घेतला, वर सगळं छान, पाण्यात दुसऱ्या दिवशी सेकंड स्टेजमधून दर श्वासाला पाण्याचे शिंतोडे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड वाळून मुडपली होती. खोकत खोकत वर आले. मला तुमचा १९७८ चा अहवाल सांगू नका.

रडारखाली

तो बिघाड तळठाव यांच्या ओढून बघायच्या चाचणीत १० सेकंदांत सापडला असता. ती केली होती का?

शेवाळ

नव्हती. आणि हा प्रश्न तुम्ही ज्या सुरात विचारलात तो मला आवडलेला नाही.

खडकओहोळ

विमानं आणि कपाटं बाजूला ठेवा. डॅन या डाइव्हिंग सुरक्षा संस्थेच्या लोकांनी २००८ मध्ये डाइव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास छापला होता. सुरुवात कशाने झाली याची कारणं: हवा संपणं ४१ टक्के, अडकणं २० टक्के, साधनांची अडचण १५ टक्के. त्या १५ टक्क्यांत साधन नीट न वापरणंही येतं. आपण इथे ओ-रिंगवर डोकी फोडतोय आणि लोक गेज न बघितल्याने मरतायत.

पितळी

१५ टक्के म्हणजे सातातला एक. मला तो थोडा वाटत नाही.

आणि तळठाव, तुमच्याकडून एक गोष्ट सुटली. मॅनोमीटर सांगतो की व्हॉल्व्ह किती ओढीला उघडतो. मोठा श्वास घेताना खोलवर काय होतं ते सांगत नाही. युरोपीय मानक ईएन २५० मध्ये चाचणी ५० मीटरच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासावर होते. हौशी माणूस श्वास हलका लागावा म्हणून सेकंड स्टेज अगदी टोकाला लावतो, आयपी चढा ठेवतो, आणि थंड पाण्यात उतरला की तो गोठून वाहायला लागतो. ३० मीटरवर असं वाहायला लागलं तर १२ लिटरची टाकी काही मिनिटांत रिकामी होते.

तळठाव

हलका लावण्याचा मोह होतो, मान्य. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. पण ५० मीटरचं मानक सांगताय तर विचारतो: तुमच्या टेबलावर ते श्वासाचं यंत्र आहे का? ते प्रयोगशाळेत असतं. तुमच्याकडेही गेज, मॅनोमीटर आणि टाकीच असते. माझ्याकडे जे आहे तेच.

पितळी

माझ्याकडे शेकडो सेट हातावेगळे केल्याचा अनुभव आहे. त्याला काहीच किंमत नाही का? मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं की अमुक मॉडेलचा स्प्रिंग थकला की आवाज कसा बदलतो.

बुडबुडा

अनुभव मान्य. तो अनुभव वर्ग घेऊन शिकवा, आम्ही फी भरू. पण तुम्ही लोक कोर्ससुद्धा डीलरशिवाय कुणाला देत नाही.

पितळी

परत किटवर आलात. मी कंपनी नाही, कितीदा सांगू? मी दिवसभर वाकून लोकांच्या श्वासाची काळजी करतो, आणि इथे येऊन ऐकतो की मी लुटारू आहे.

तळठाव

लुटारू कुणी म्हटलं नाही, निदान मी तरी नाही. आणि तुम्ही विचारलेल्या जबाबदारीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, ते आता देतो. ज्याला आयपी गेज घ्यायचा नाही त्याने पाना घेऊ नये. ऑक्सिजनला तर हातच लावू नये, माझा डेको रेग्युलेटर मीही बाहेर देतो. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

शेवाळ

हे तुम्ही धाग्याच्या तळाशी सांगताय. वरचं वाचून निघून गेलेल्यांचं काय?

तळठाव

बरोबर आहे. वरच्या लेखात बदल करता आला तर करतो.

पितळी

आकड्यांचा कागद देण्याचा मुद्दा मात्र तुमचा. मी आयपी आणि क्रॅकिंग लिहून ठेवतो, पण माझ्याच रजिस्टरमध्ये. गिऱ्हाईकाला देत नाही, आजवर कुणी मागितलाही नाही. यापुढे देईन. तरी फर्स्ट स्टेज घरी उघडू नये हे मत बदललेलं नाही. सेकंड स्टेज घरी उघडा, वाद घालणार नाही. पिस्टनची धार एकदा गेली की गेली.

तळठाव

माझ्या पिस्टनला १२ वर्षांत टवका पडलेला नाही.

पितळी

भिंगाखाली बघितलाय?

तळठाव

१० पट भिंगाखाली, दर वेळी. या वेळचे फोटो टाकतो.

पितळी

टाका. धारेवर उजेड तिरका पाडून काढा, समोरून काढलेल्या फोटोत काही दिसत नाही.