डाउनलोड वाढतायत, पण माणसं टिकत नाहीत. काय करावं?

हिशेबी_माणूस
खर्चाची नोंद ठेवायचं ॲप आम्ही दोघं मिळून चालवतो, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. जाहिराती सुरू केल्यापासून डाउनलोड वाढलेत, पण आठवडाभरात बहुतेक जण गायब. रोज रात्री ९ ला 'आजचा खर्च लिहिलात का?' असं नोटिफिकेशन जातं, तरी ढिम्म फरक नाही. जोडीदार म्हणतो जाहिरातीचं बजेट वाढवू. मला पटत नाहीये.

तिरपा_डोळा
जोडीदाराला तूर्त थोपवा, आणि लिंक व्यनि (खासगी निरोप) करा.

तिरपा_डोळा
टाकून पाहिलं. उघडल्या उघडल्या मोबाइल नंबर. मग ओटीपी. मग नोटिफिकेशनची परवानगी, मग चलन निवडा, मग खर्चाचे प्रकार निवडा. एवढं होईस्तोवर एकही खर्च लिहिला गेलेला नाही! परवानगीला मी 'नको' म्हटलं, कारण ॲप काय करतं तेच अजून दिसलं नव्हतं.

आता गंमत बघा. आयफोनवर ती परवानगीची चौकट एकदाच दाखवता येते. नकार मिळाला की माणसानं स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करायचं, आणि ते कोण करतंय. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) तिथेही नव्या ॲपची नोटिफिकेशनं आपोआप चालू नसतात. दोनदा नकार आला की चौकट पुन्हा येत नाही. म्हणजे तुमचं ९ चं स्मरण कित्येकांना पोचतच नसणार. मजकूर बदलत बसू नका. पहिला खर्च लिहून झाल्यावर 'उद्या आठवण करू का?' असं तुमच्याच स्क्रीनवर विचारा, 'हो' आलं तरच सिस्टीमची चौकट उघडा.

आणि एकूण आकडा बघणं सोडा. इन्स्टॉलच्या आठवड्यानुसार गट पाडा, जाहिरातीतून आलेले आणि शोधून आलेले वेगळे काढा. फक्त जाहिरातवालेच पळत असतील तर जाहिरात भलतंच काही कबूल करतेय. दोन्ही गट सारखेच गळत असतील तर वरची ओटीपीची रांग.

सावकाश
रोजच्या स्मरणालाच माझा विरोध आहे. खर्च रोज लिहिणारे थोडे. बरेच जण आठवड्यातून एकदा बसून सगळं भरतात. तो माणूस तुमच्या हिशेबात 'गेलेला' धरला जातो, आणि रोज टोचणी लावली की खरंच जातो. 'आठवड्यात एकदा तरी नोंद केली का' हे मोजा. अँड्रॉइडवर स्मरणाचं चॅनल (नोटिफिकेशनचा वेगळा बंद-चालू करता येणारा प्रकार) वेगळं ठेवा, म्हणजे वैतागलेला माणूस तेवढंच बंद करेल, सगळी नोटिफिकेशनं नाही.

बग_पकड्या
प्ले कन्सोलमधलं (ॲप बनवणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) अँड्रॉइड व्हायटल्स, म्हणजे ॲप किती बंद पडतं-अडकतं त्याचा अहवाल, बघितलंत का? रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त जणांना क्रॅश दिसत असेल, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त जणांकडे ॲप गोठत असेल, तर स्टोअरमध्ये तुम्ही मागे पडू शकता. फोनच्या मॉडेलनुसारही बघा. एखाद्याच स्वस्त मॉडेलवर बोंब असते आणि सरासरीत ती दिसत नाही.

हिशेबी_माणूस
मॉडेलनुसार आजच बघतो. पण ओटीपी काढू कसा? फोन हरवला तर नोंदी परत मिळाव्यात म्हणून ठेवलाय.

तिरपा_डोळा
नोंदीच नाहीत त्याचं हरवणार काय? सुरुवातीला सगळं फोनमध्येच साठवा. थोड्या नोंदी जमल्या की 'हे जपून ठेवायचं तर नंबर द्या' म्हणा. तेव्हा देतात. चलन फोनच्या सेटिंगवरून उचला, प्रकार तुम्हीच भरून ठेवा, बदलायचे तो बदलेल.