मदत हवी आहे: तांबड्या रश्श्यासोबत कुठली वाईन?

नाताळच्या सुट्टीत धाकटे दीर आणि जाऊ येताहेत, दोघंही वाईनचे शौकीन. पहिल्या रात्री तळलेली सुरमई, दुसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं मटण.

गेल्या वर्षी मटण म्हणजे रेड असं धरून मी नाशिकची शिराझ आणली. रश्श्यानंतर पहिल्याच घोटाला जीभ पेटली! मागाहून कळलं, रेडमधलं टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा) आणि जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं; थंड, किंचित गोडसर व्हाइट ती शमवते. शिवाय बाटली तशीच कपाटातून काढलेली. 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातल्या खोलीचं, १६-१८ अंश. पुण्यात चार शेगड्या पेटलेल्या स्वयंपाकघराचं नव्हे.

सुरमईला यंदा नाशिकचीच सोव्हिन्याँ ब्लाँ ही व्हाइट, ते ठरलं. अडलंय रश्श्यावर. जर्मनीतल्या मोझेलची रीसलिंग घेऊ (लेबलवर 'काबिनेट' म्हणजे हलकी असं असलेली, पण 'ट्रोकन' म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली नको), की फ्रान्समधल्या आल्सासची गेव्युर्झट्रामिनर? तिला म्हणे गुलाबाचा, लिचीचा वास असतो. कांदा-लसूण मसाल्यापुढे तो टिकेल, की अत्तर प्यायल्यासारखं होईल? का नाशिकची शेनिन ब्लाँच पुरे? आयात बाटलीची किंमत ऐकून नवऱ्याने आधीच हात जोडलेत.

पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस. त्याला वेगळी बाटली लागेल का? पिणारे पाच, एका बाटलीत साधारण पाच ग्लास. सासूबाई सोलकढीवर ठाम आहेत.

स्वतः पिऊन पाहिलेल्यांनीच सांगा, गुगल करून झालंय.