मदत हवी आहे: चवथीआधी गावच्या घरासाठी टीव्ही (गोवा, डिचोली तालुका, बजेट ४० हजारांपर्यंत)

नमस्कार मंडळी,

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, जेमतेम पाच आठवडे राहिलेत आणि गावच्या घरी टीव्ही नाही. मी पर्वरीला राहते, गावी आई-बाबा दोघंच असतात. बाबांचं वय ७८. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय आणि गुडघ्यांमुळे देवळात भजनाला जाणं सुटलंय. त्यामुळे भजन, कीर्तन, बातम्या, क्रिकेट सगळं घरात बसूनच. जुना टीव्ही गेल्या ऑक्टोबरात गेला. तेव्हापासून ते माझा जुना फोन तोंडासमोर वीतभर अंतरावर धरून कीर्तन बघतात. मला ते बघवत नाही.

तो टीव्ही कसा गेला ते सांगते, कारण तीच चूक पुन्हा करायची नाही. दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये ऑनलाइन घेतला होता, ४३ इंची, १७ हजारांना. कंपनीचं नाव आधी कधी ऐकलं नव्हतं, पण भाव बघून भुललो. परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि टीव्ही व डिशचा बॉक्स दोन्ही एकदम गेले. तक्रार नोंदवली. आठ दिवसांनी कळवलं की तुमच्या पिनकोडला माणूस येत नाही, टीव्ही पणजीला आणून द्या. गाडीत घालून नेला. आधी म्हणाले बोर्ड मागवावा लागेल, महिनाभराने म्हणाले ते मॉडेलच बंद झालंय. आता तो माळ्यावर पडून आहे. पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण दहा महिने बाबांच्या संध्याकाळी रिकाम्या गेल्या, त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता समोर असलेले पर्याय:

म्हापशाच्या एका दुकानात ४३ इंची फोर-के २९,५०० आणि ५५ इंची ४२,००० सांगितलाय, घरपोच आणि भिंतीवर बसवून. ‘जीएसटी उतरला, दहा टक्के तिथंच सुटले’ असं दुकानदार म्हणतो. ऑनलाइन त्याच कंपनीचा ५५ इंची ३६,९०० ला दिसतो. फोटो तोच आहे, मॉडेल क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं मात्र वेगळी. कुवेतचा मावसभाऊ चवथीला येतोय, तो म्हणतो तिकडून आणतो. आणि माझा भाऊ म्हणतो बेळगावला जाऊन घेऊ.

टीव्ही वसरीत ठेवणार. समोरच्या भिंतीपासून बाबांच्या आरामखुर्चीपर्यंतचं अंतर साडेआठ फूट. घर जुनं, चिऱ्यांचं, आणि त्या भिंतीला पावसात ओल येते. डिश आहे, पॅक साधा एसडी. चवथीला तीसेक माणसं जमतात, वसरीभर बसतात.

किती इंची घ्यावा? आणि दुकानातून घ्यावा की ऑनलाइन? पाच-सहा हजार जास्त गेले तरी चालतील, पण बंद पडला तर घरी येऊन दुरुस्त करणारा माणूस हवा.

प्रतिसाद: आधी अंतर, मग भाव

ताई, साडेआठ फूट म्हणजे साधारण २६० सेंटिमीटर. ५५ इंची पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १४० सेंटिमीटर भरतो, म्हणजे तुमचं अंतर त्याच्या दुपटीपेक्षाही थोडं कमी. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला बातम्यांखालची पट्टी वाचायची असेल तर हेच माप योग्य. त्या अंतरावरून ४३ वर बारीक अक्षरं वाचताना त्यांना पुन्हा मान पुढे काढावी लागेल.

पण एक गोष्ट कोणी दुकानात सांगत नाही. एसडी वाहिनीच्या चित्रात ५७६ ओळी असतात, फोर-के पडद्याला २१६०. जुनं चित्र तेवढं ताणलं की चेहरे धुरकट दिसतात. पडदा जितका मोठा, तितका धूरकटपणा जास्त. नवा टीव्ही आणल्यावर ‘यापेक्षा जुना बरा होता’ म्हणणारे बहुतेक यामुळेच म्हणतात. तुमचा डिशचा बॉक्स जळलाच आहे, तर नवा घेताना एचडी घ्या, बाबा बघतात त्या वाहिन्यांपैकी ज्यांची एचडी आवृत्ती आहे तेवढ्याच एचडीत घ्या, आणि बॉक्स एचडीएमआय वायरीनेच जोडा. बसवायला येणारा कधी कधी लाल-पांढरी-पिवळी वायर लावून मोकळा होतो. तसं केलं तर एचडीचे पैसे वाया जातात.

तीस माणसं बसणार म्हणजे बाजूनेही चित्र नीट दिसायला हवं. पडद्याच्या पॅनेलचे मुख्य दोन प्रकार. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेलचं उलट. दुकानात समोर उभं राहून बघू नका, पार बाजूला जाऊन बघा, दोन मिनिटांत फरक कळतो. क्यूएलईडी हे नाव ऐकून दबून जाऊ नका, तोही एलसीडीच असतो, रंग अधिक खुलतात एवढंच. कीर्तन आणि बातम्यांना १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याची, गरज नाही.

प्रतिसाद: जीएसटीचा हिशेब

३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, हे खरं. पण त्याने किंमत दहा टक्के उतरत नाही. मूळ १०० रुपयांची वस्तू आधी १२८ ला पडायची, आता ११८ ला. १२८ वर १० म्हणजे ७.८ टक्के. शिवाय ही कपात सगळ्यांनाच मिळते, ती दुकानदाराची सूट नव्हे. घासाघीस करताना ती बाजूला ठेवूनच बोला.

बेळगावचंही तेच. जुलै २०१७ पासून कर सगळीकडे एकच आहे, त्यामुळे घाट चढून कर वाचत नाही. तिथे दुकानं जास्त असल्याने हजार-दीड हजाराने कमी मिळेलही, पण बसवायला कोण येणार, आणि वाटेत पॅनेल तडकलं तर भरून कोण देणार?

प्रतिसाद: शेवटची दोन अक्षरं

मी मडगावात टीव्ही विकायचं काम सहा वर्षं केलंय. कंपन्या ऑनलाइनसाठी आणि दुकानासाठी वेगवेगळे क्रमांक काढतात. कधी फक्त पेटी आणि रिमोट वेगळा असतो, कधी स्पीकर कमी वॅटचा, कधी एचडीएमआयची भोकं तीनऐवजी दोन, कधी पॅनेलच निराळं. दोन्ही क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपशील शेजारी शेजारी ठेवा. सगळं सारखं निघालं तर ऑनलाइनचा भाव दुकानदाराला दाखवा आणि गप्प राहा. तो पूर्ण खाली येणार नाही, पण बराच येतो, विशेषतः चवथीआधी, कारण त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं.

आणि खरेदीआधी एक फोन करा. दुकानाला नको, कंपनीच्या सेवा केंद्राला. गावाचं नाव आणि पिनकोड सांगा आणि विचारा: माणूस घरी येतो का, येण्याचे पैसे किती, पॅनेलची वॉरंटी एक वर्ष की दोन. जो पिनकोड ऐकून चाचरतो ती कंपनी यादीतून काढा. पॅनेल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, म्हणून पॅनेलचं दुसरं वर्ष मिळत असेल तर त्यासाठी हजार रुपये जास्त द्यायला हरकत नाही. आणि ‘डिस्प्लेचा पीस स्वस्तात देतो’ म्हणाले तर नको म्हणा. तो दिवसभर पूर्ण उजेडावर चाललेला असतो.

प्रतिसाद: कुवेतहून नको

मी बोटीवर असतो, सुट्टीवर येताना हे प्रकरण स्वतः भोगलंय. ऑगस्ट २०१३ पासून चपटा टीव्ही करमुक्त सामानात बसत नाही, विमानतळावर शुल्क भरावंच लागतं. ते, विमानाचं जादा सामान आणि पॅनेल फुटायची भीती एवढं जमेला धरल्यावर फायदा उरत नाही. तिकडची वॉरंटी इकडची कंपनी मानेल याचीही खात्री नाही, आणि तुमची मुख्य अडचण तर दुरुस्तीचीच आहे. भावाला सांगा, खजूर आण.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. सेवा केंद्रांना फोन केले. तीन कंपन्यांपैकी एकीने पिनकोड ऐकूनच पणजीला आणायला सांगितलं, ती बाद. दुसरी म्हणाली दोन-तीन दिवसांत माणूस येतो. तिसरीचा माणूस डिचोलीतच राहतो, त्याच्याशी थेट बोलणं झालं. म्हणजे तिसरीच.

आता विजेचं आणि भिंतीचं कोणी सांगेल का? मागचा टीव्ही विजेनेच गेला, म्हणून आई म्हणते आधी स्टॅबिलायझर घे.

प्रतिसाद: वीज आणि ओल

मी वाळपईकडे वायरिंगची कामं करतो. आईंना सांगा, आजचे एलईडी टीव्ही बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागे छापलेलं असतं ते बघून घ्या. त्यामुळे कमी दाबाने टीव्ही जात नाही. जातो तो दोन कारणांनी. एक, विजेच्या जोडणीतली न्यूट्रल वायर सैल झाली की घरात ३०० च्या वर व्होल्ट येतात. त्यासाठी हाय व्होल्टेजला आपोआप तोडणारं उपकरण हवं. ज्या स्टॅबिलायझरला ती सोय आहे तो चालेल, नाहीतर नुसतं वजन. दोन, गडगडाट. बाजारात स्पाइक गार्ड म्हणून जी पट्टी मिळते ती बऱ्याचदा निव्वळ एक्स्टेंशन असते. घेताना सर्ज प्रोटेक्शन (विजेचा अचानक आलेला धक्का अडवणारी सोय) लिहिलंय का ते बघा. आणि अर्थिंग नसेल तर तेही निकामी. आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा सुकतो आणि अर्थिंग कमजोर होतं, त्यात पाणी घालत राहावं लागतं.

तुमचा बॉक्स आणि टीव्ही एकदम गेले यावरून मला वाटतं धक्का डिशच्या वायरीतून आला असावा. छपरावरची डिश, तिथून केबल बॉक्समध्ये, बॉक्समधून टीव्हीत. म्हणजे प्लग काढून भागत नाही, बॉक्सच्या मागची केबलही सोडवायची. फायबरचं इंटरनेट असेल तर राउटरचाही प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. पण हे आभाळ भरून यायला लागलं की करायचं. डोक्यावर कडाडायला लागल्यावर कोणी वायरीला हात लावायचा नाही, टीव्ही गेला तर जाऊ दे. बाबांना वाकून मागे हात घालणं जमणार नाही, म्हणून केबल पुढे हाताशी येईल अशी जोडणी करून घ्या. मी गिऱ्हाइकांना तशीच करून देतो.

भिंतीवर लावू नका. चिऱ्यावर मातीचा गिलावा असेल तर ड्रिल मारल्यावर प्लग भुसभुशीत मातीत बसतो आणि पुढच्या पावसात सैल होतो. ५५ इंची टीव्ही बारा-पंधरा किलोंचा असतो. त्यात ओल पाठीमागून बोर्डाला लागते. टेबलावर ठेवा, भिंतीपासून चार बोटं नाही, चांगलं वीतभर पुढे, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा. बाबा बघणारच आहेत म्हणा.

प्रतिसाद: हप्त्यांबद्दल

‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतील. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलंय. रोख दिल्यास भाव किती आणि हप्त्याने किती, दोन्ही आकडे मागा, प्रोसेसिंग फी धरून. कार्डावरच्या दहा टक्के सवलतीला वर मर्यादा असते, तीही वाचा. पेटी घरी आल्यावर उघडून, टीव्ही चालू करून, पडदा एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा करून बघितल्याशिवाय ओटीपी किंवा सही देऊ नका. वाटेत पेटी आडवी नाही, उभीच ठेवायला सांगा. काही बिघडलं आणि कोणी ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

धागाकर्ती:

घेतला! म्हापशालाच, ५५ इंची. ऑनलाइनचा भाव दाखवला आणि सांगितलंत तशी गप्प राहिले. ४२ वरून ३८,५०० वर आला, पॅनेलची दोन वर्षं बिलावर लिहून दिली. दोन्ही क्रमांक ताडून पाहिले होते, ऑनलाइनवाल्याला एचडीएमआय दोनच होते. एचडी बॉक्स बसला, अर्थिंगच्या खड्ड्यात नवा पाइप घातला, डिशची केबल पुढे काढून घेतली. बाबांनी स्वतः ती दोनदा काढून-लावून बघितली.

पण एक घोळ झालाय. टीव्हीचे पाय दोन टोकांना आहेत, त्यांच्यातलं अंतर १०२ सेंटिमीटर आणि आमचं टेबल ९० चं. सध्या टीव्ही दोन पाटांवर फळी टाकून ठेवलाय. सुतार उद्या येतोय. टेबलाची उंची किती सांगू? बाबा आरामखुर्चीत बसले की त्यांचे डोळे जमिनीपासून ४० इंचांवर येतात.

प्रतिसाद: टेबल २५ इंच

५५ इंचीच्या पडद्याची उंची २७ इंच. डोळे पडद्याच्या मध्यावर यायला हवेत, म्हणजे पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेसव्वीसवर. पायांची उंची दोन-अडीच इंच वजा करा, राहिले चोवीस. आरामखुर्चीत माणूस मागे रेललेला असतो, नजर थोडी वर जाते, म्हणून एक इंच वाढवून २५ सांगा. लांबी चार फूट घ्या, आणि मागची बाजू फळीने बंद करू नका म्हणावं, वारा खेळायला हवा.