मेट्स बुडाले, आणि खापर म्हणे क्लबहाउसवर

फ्लशिंगकर
आपल्या न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल टीमबद्दल परवा इथेच एकाने लिहिलं: ‘मेट्स ही टीम नव्हतीच. लिंडोर-सोटो या दोन स्टार खेळाडूंचं पटत नाही, मॅनेजर मेंडोझा बुळा, क्लबहाउस (खेळाडूंची खोली) नासलेलं. अलोन्सो आणि दिआझ गेले ते बरंच झालं.’ खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण डोकं इतकं फिरलं होतं की वेगळा धागाच काढावा लागला.

12 जून 2025 ला आपण 45-24 होतो, म्हणजे 45 जिंकलेल्या, 24 हरलेल्या. अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात वर. तेव्हाही हाच लिंडोर, हाच सोटो, हाच मेंडोझा. त्या दिवशी कोणाला क्लबहाउसमधून वास आला नाही तो? त्याच मॅचला अलोन्सोचा थ्रो उंच गेला, आपला पिचर सेंगाने फर्स्ट बेसवर उडी मारली आणि मांडी धरली. जून संपायच्या आत आणखी दोन स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) गेले: मेगिलचं कोपर, कॅनिंगची टाच. त्यानंतर 38-55. शेवट 83-79, आणि प्लेऑफ घरी बसून बघितले.

आता मला सांगा, सोटोचे 43 होमर आणि 38 स्टील (चोरलेले बेस), लिंडोरचे 31 आणि 31, अलोन्सोच्या फटक्यांवर आलेल्या 126 धावा (आरबीआय), मॅचच्या शेवटी टाकणाऱ्या दिआझचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) 1.63. ही एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांची लक्षणं? मारणारे मारत होते, सुरुवातीपासून टाकणारा नव्हता. सोटोला 76.5 कोटी डॉलर मोजायचे आणि स्टार्टर मात्र जुन्या बाजारातून उचलायचे, हे टीम बांधणाऱ्या स्टर्न्सचं गणित होतं. ते चुकलं. संपलं.

सेव्हन_ट्रेनवाली
‘संपलं’ काय, इतक्यात? तुझे आकडे सगळे टीव्हीवरचे आहेत रे. मी सप्टेंबरमध्ये सिटी फील्डला, आपल्या मैदानात, चार मॅचेस पाहिल्या, थर्ड बेसच्या बाजूला डगआउट (खेळाडूंचा बाक) दिसेल अशा जागी बसून. ओळीने आठ हरले त्यातल्या पण पाहिल्या. रेलिंगला कोणी नाही. जो तो आपला टॅब्लेट बघतोय.

मी 26 वर्षं हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ज्या शिफ्टला दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, त्या शिफ्टला काहीतरी राहून जातंच. एका पेशंटचा डोस दोनदा जायचा थोडक्यात वाचला, कारण चार्ज देणारीने चार्ज घेणारीशी अबोला धरला होता. दोघी कामाला पहिल्या नंबरच्या. कागदावर त्यांचेही आकडे उत्तमच होते.

आणि 2024 विसरलास? मेअखेरीला 22-33. एकाने ग्लोव्ह प्रेक्षकांत भिरकावला, त्याच दिवशी सगळे दार लावून बसले आणि बोलले. पुढे आपल्या इग्लेसियासचं ‘ओएमजी’ गाणं आलं, मॅकडोनाल्ड्सचा तो जांभळा बाहुला ग्रिमेस आला, आणि आपण लीगच्या फायनलला डॉजर्सपर्यंत पोचलो. मग इग्लेसियासला सोडून दिलं. त्याची जागा कोणत्या रकान्यात भरणार होतात?

फ्लशिंगकर
ताई, जांभळ्या बाहुल्याने सीझन वाचवला असेल तर 2025 ला त्यालाच पिचिंगला का नाही उभा केला?

पार्सिपनीचा_पंत
तुमचं चालू द्या. मला एवढंच म्हणायचंय की चार जणांच्या कुटुंबाला पार्किंग, तिकीट आणि हॉटडॉग धरून जो खर्च येतो त्यात माझ्या भावाने साताऱ्यात स्कूटर घेतली. त्या पैशात मला डगआउटमध्ये कोणाचं कोणाशी पटतं हे बघायचंच नाही. जिंका.

फेनवेची_फोडणी
टीमची केमिस्ट्री, म्हणजे आपसातलं जमणं, नसतेच म्हणणाऱ्या सर्वांना बॉस्टनहून साष्टांग नमस्कार. तारीख बघा: तुम्ही मायामीत 4-0 हरून बाहेर पडलात ती 28 सप्टेंबर. आम्ही रेड सॉक्सवाले 2011 मध्ये बाल्टिमोरला बुडालो तीही 28 सप्टेंबरच. महिन्याच्या सुरुवातीला वाइल्ड कार्डमध्ये (प्लेऑफच्या उरलेल्या जागेच्या शर्यतीत) नऊ मॅचची आघाडी होती. अख्ख्या सप्टेंबरात 7-20. का? तर मॅच चालू असताना बेकेट, लेस्टर, लॅकी ही स्टार्टर मंडळी क्लबहाउसमध्ये बिअर पीत तळलेली कोंबडी खात बसायची. बॉस्टनच्या पेपरात सगळं छापून आलं. फ्रँकोनासारखा दोन वर्ल्ड सिरीज जिंकून दिलेला मॅनेजर गेला. हे कोणत्या कोपराचं दुखणं होतं?

फ्लशिंगकर
कोंबडी येणार याची वाटच बघत होतो. आता 2004 काढा. यांकीजविरुद्ध 0-3 वरून परत आलात तेव्हा मॅचआधी व्हिस्कीचा घोट फिरवत होतो असं तुमच्याच मिलारने स्वतः सांगितलं होतं. जिंकलात, म्हणून ती व्हिस्की म्हणजे भाऊबंदकी. हरलात, म्हणून कोंबडी म्हणजे बेशिस्त. उद्या जिंकले असते तर त्याच कोंबडीच्या दुकानाबाहेर पाटी लागली असती.

आणि 2013 ची वर्ल्ड सिरीज, शेवटची मॅच, तुमचंच फेनवे मैदान. कोण टाकत होता? लॅकी! तोच कोंबडीवाला. लेस्टरनेही त्या सिरीजमध्ये दोन जिंकून दिल्या.

फेनवेची_फोडणी
भाऊबंदकी म्हणजे भांडण, भाऊ. शब्द तरी बघून वापरा.

आणि अर्धंच सांगू नका. 2011 नंतर शिस्त लावायला आणलेल्या मॅनेजर व्हॅलेंटाइनने आपल्याच खेळाडूबद्दल, युकिलिसबद्दल, जाहीर टोमणा मारला, युकिलिसला जूनमध्ये शिकागोला धाडलं, ऑगस्टमध्ये बेकेट, क्रॉफर्ड, गोन्झालेझ सगळे डॉजर्सच्या गळ्यात मारले. 69-93. मग गोम्स, नापोली, रॉस असे कमी पैशातले समंजस लोक आणले, सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या, आणि 97 जिंकून वर्ल्ड सिरीज. मी तेव्हा मॅरेथॉनच्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर राहत होतो. त्या एप्रिलमधल्या मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर त्या टीमने या गावासाठी काय केलं ते तुम्हाला न्यू जर्सीत बसून कळणार नाही.

फ्लशिंगकर
गावाबद्दल बोलत नाहीये मी, त्याला नमस्कारच आहे. पण 2014 ला काय झालं? तोच मॅनेजर फॅरेल, तोच गोम्स, तोच नापोली. 71-91, तळाला. दाढीत कोंडा झाला होता का?

फेनवेची_फोडणी
एल्सबरी गेला होता! सॉल्टलामाकिया गेला होता!

फ्लशिंगकर
म्हणजे खेळाडू गेले म्हणून हरलात. धन्यवाद. मी आणि काय म्हणतोय?

सेव्हन_ट्रेनवाली
हा तुझा शब्दात पकडायचा खेळ. अलोन्सो बाल्टिमोरला गेला, दिआझ डॉजर्सकडे, निमो टेक्ससला. मग तूही म्हण की ते गेल्याने फरक पडणार नाही, फक्त आकडे भरून काढायचे.

दादरचा_डावखुरा
मला बेसबॉल निम्मं कळतं, पण हे सगळं आम्ही 2024 ला वानखेडेवर भोगलंय. रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलं, स्वतःच्याच मैदानात त्याची हुर्यो, 14 पैकी 4 जिंकल्या, शेवटून पहिले. सांगा आता केमिस्ट्री नसते म्हणून.

फ्लशिंगकर
आणि 2025 ला तोच हार्दिक कॅप्टन, तोच रोहित, टीम क्वालिफायर टूपर्यंत. 2024 च्याच जूनमध्ये दोघं मिळून वर्ल्ड कपही जिंकले, गळ्यात गळे घालून. मग त्या दोन महिन्यांतलं वैर कुठे गेलं?

दादरचा_डावखुरा
रोहितवर बोलायचं काम नाही.

पार्सिपनीचा_पंत
रोहितवर कोण बोललं? बेसबॉलच्या धाग्यात आयपीएल आणलंत की मी निघालो. ऑफिसात तेच, देवळात तेच, आता इथेही.

दादरचा_डावखुरा
काका, निघा. स्कूटरवरून जा.

फेनवेची_फोडणी
मुद्द्यावर या. मॅनेजरचं काय? 2022 ला फिलीज 22-29 होते. जिरार्डीला काढला, थॉम्सन आला, 65-46, थेट वर्ल्ड सिरीज. खेळाडू तेच. 2003 ला मार्लिन्सने 72 वर्षांच्या मॅकीऑनला घरून उठवून आणला आणि यांकीजना हरवलं.

फ्लशिंगकर
शिकागो व्हाइट सॉक्सने 2024 ला 28-89 वर ग्रिफोलला काढला. नवा आला, 13-32. एकूण 121 पराभव. रॉकीजने 2025 ला 7-33 वर बड ब्लॅकला नारळ दिला, तरी 119 हरले. फिलीजकडे हार्पर होता, व्हीलर होता. भांड्यात तांदूळ असतील तरच आचारी बदलून भात बरा होतो.

आमची टेनिस बॉलची टीम होती एडिसनला. ओपनिंगला दोन साडू. घरच्या एका व्यवहारावरून चार वर्षं अबोला. रन घ्यायचा तर ‘येस-नो’ अंपायरच्या एंडच्या तिसऱ्या माणसाने ओरडायचं. त्या चार वर्षांत तीनदा कप आणला. समेट झाला त्या वर्षी दुसऱ्या राउंडला बाहेर. ओकलंडवाले 1972 ते 74 क्लबहाउसमध्ये गुद्दागुद्दी करत ओळीने तीन वर्ल्ड सिरीज जिंकले. रेजी जॅक्सन आपल्याच टीममधल्या बिली नॉर्थशी मारामारी करत होता.

सेव्हन_ट्रेनवाली
साडू रनआउट किती झाले ते सांग.

फ्लशिंगकर
झाले.

सेव्हन_ट्रेनवाली
किती?

फ्लशिंगकर
बरेच. बरं, घ्या, तुमच्या पदरात टाकतो: 100 मॅचमागे दोन मॅच केमिस्ट्रीच्या. आणि आपण एकाच मॅचने हुकलो हेही मला माहीत आहे, तेवढ्यावर नाचू नका.

सेव्हन_ट्रेनवाली
नाचत नाहीये. मायामीतल्या त्या शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या त्याच जागेसाठी झुंजणारे सिनसिनाटीही हरले होते. नुसतं जिंकायचं होतं. पाचव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले, अलोन्सोने सणसणीत हाणला, सरळ लेफ्ट फील्डरच्या हातात. त्याला ना तुझा स्टार्टर जबाबदार ना माझं क्लबहाउस, हे मीही कबूल करते. पण 26 वर्षांच्या नोकरीवरून सांगते, त्या डगआउटमध्ये कोणीतरी कोणाशी तरी बोलत नव्हतं.

फेनवेची_फोडणी
आणि लॅकीचं म्हणाल तर 2011 च्या शेवटी त्याचं कोपराचं ऑपरेशन झालं होतं, 2012 पूर्ण वर्ष एक बॉल टाकला नाही. 2013 ला बारीक होऊन आला.

फ्लशिंगकर
म्हणजे कोंबडी सोडली म्हणून जिंकला की कोपर बरं झालं म्हणून?

पार्सिपनीचा_पंत
अजून कोंबडीच चालू आहे का?