चॅट्सवर्थची बाग: पैशाचा माज की माळ्याचं कसब?

दगडीपायरी: "चॅट्सवर्थ म्हणजे ड्यूकच्या पैशाचा माज, बघण्यासारखं काही नाही." इथे परवा कुणीतरी लिहिलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. चॅट्सवर्थ म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधली, डेव्हनशायरच्या ड्यूकची हवेली आणि बाग. मी डर्बीशायरमध्येच राहते. तिथला पायऱ्यांचा धबधबा 1696 चा. टप्पे 24, प्रत्येकाची घडण निराळी. एकदा मी त्याच्या काठाशी डोळे मिटून बसले होते, तेव्हा कळलं की पाणी दर टप्प्याला वेगळं वाजतं. 1844 चं कारंजं पंपाशिवाय, डोंगरावरच्या तळ्याच्या दाबावर उडतं. ते उभारणारा जोसेफ पॅक्स्टन शेतकऱ्याचा मुलगा, 1826 मध्ये तिथे मुख्य माळी झाला. याला माज म्हणणं हा राबणाऱ्यांचा अपमान आहे.

सरळरेघ: वाक्य माझं आहे आणि मागे घेत नाही. रशियाचा झार येणार म्हणून रात्री मशाली लावून त्या कारंज्याचं तळं खणलं. झार आलाच नाही. शेजारचं एडन्सर गाव ड्यूकच्या घरातून दिसतं म्हणून हलवलं. आमचं गाव धरणात गेलंय ताई, उठवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

रावेरकर: अहो, केळीचं कुणी काढणार की नाही? 1830 च्या दशकात पॅक्स्टनने मॉरिशसहून आलेली ठेंगणी केळ तिथल्या काचघरात वाढवली. ड्यूकच्या आडनावावरून तिचं बारसं झालं, कॅव्हेंडिश. आमची जळगावची बसराई केळ तीच, ग्रँड नैन हा वाणही त्याच कुळातला.

सरळरेघ: म्हणजे जळगावची केळीही ड्यूकची कृपा? वाण मुळात चीनचं!

रावेरकर: कृपा कोण म्हणालं? शब्द तोंडात घालू नका. नाव त्यांचं, घाम आमचा. मागच्या जूनमध्ये वादळानं माझी निसवलेली बाग एका रात्रीत झोपवली. खोडं मधोमध मोडलेली, घड चिखलात. त्याआधी हरण्या हा विषाणूचा रोग आला तेव्हा टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं हातानं उपटून बांधावर टाकली. सगळी एकाच रक्ताची, एकाला लागलं की सगळ्यांना लागतं. भाव पडला की विचारायला कुणी येत नाही.

दगडीपायरी: भाऊ, वाईट वाटलं. पण धागा बागेचा आहे.

रावेरकर: केळीची बाग बाग नव्हे का?

सरळरेघ: हे मात्र बरोबर बोललात. आणि ताई, पॅक्स्टनच्या हाताला मी नावं ठेवत नाही. पण त्याचं ते भलंमोठं काचघर कोळशाच्या आठ बॉयलरांवर तापायचं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, 1920 मध्ये ते पाडलं. एवढ्यासाठी एवढं?

दगडीपायरी: एडन्सरचं तुमचं मान्य. बाकी काही नाही.

रावेरकर: ताई, पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथे केळ अजून लावतात का, तेवढं बघा. घड लागला असेल तर फण्या मोजून सांगा.