दुष्ट, क्रूर आणि व्यंकटी

माणसातल्या वाईटाबद्दल लिहायची वेळ आली की आपण दुष्ट, क्रूर, पाशवी, अमानुष हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी बसवतो. विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) ही कादंबरी आणि पीटर ब्रूकचा तिच्यावरचा १९६३ चा कृष्णधवल चित्रपट यांच्याविषयी बोलताना मात्र ही अदलाबदल खटकते.

‘पाशवी’ तर आधीच बाद करावा. निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांना जंगलातल्या कुठल्याशा श्वापदाची भीती वाटत असते, आणि ते श्वापद म्हणजे कदाचित आपणच, असं त्यांच्यातला सायमन चाचरत सांगतो. बेटावरचे खरे पशू म्हणजे डुकरं, आणि ती बिचारी शिकार होतात. पोरांच्या कृत्याला ‘पाशवी’ म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच बोल लावणं. ‘अमानुष’चीही तीच गत: माणसाने केलं की लगेच त्याला माणसांतून वगळून आपण मोकळे!

उरले दुष्ट आणि क्रूर. क्रौर्य सहसा कृतीत दिसतं. कोणीतरी कोणाला तरी काहीतरी केलेलं असतं. दुष्टपणाला तेवढीही गरज नसते, काही न करता तो मनात वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. कादंबरीतला रॉजर पाहा. किनाऱ्यावर खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीच्या दिशेने तो दगड फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. हेन्रीभोवती काही यार्डांचं एक वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची छाती होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा जुना धाक अजून त्याचा हात धरून आहे. इथे क्रौर्य घडलेलंच नाही. एकही दगड लागलेला नाही. तरीही वाचताना अंगावर काटा येतो, कारण गोल्डिंग आपल्याला त्या हाताच्या आतलं दाखवतो. कॅमेऱ्याला अशा प्रसंगात फार तर पाण्यात पडणारे दगड टिपता येतील.

डुकराच्या मुंडक्याचंही तसंच. पुस्तकात काठीवर खोचलेलं ते मुंडकं सायमनशी बोलतं: मी तुमच्यातच आहे, मला मारून काय होणार? ब्रूकच्या चित्रपटात ते गप्प आहे. माश्यांची घोंघों आणि पोराचा चेहरा, बस्स. प्रसंग परिणामकारक आहे, मला तो आवडतोही. पण त्यातून कळते ती भीती, दुष्टपणाची ओळख पटत नाही. म्हणून माझ्या मते चित्रपटाविषयी ‘क्रौर्य’ हा शब्द चपखल आणि कादंबरीविषयी अपुरा. (हॅरी हूकच्या १९९० च्या रंगीत आवृत्तीत अमेरिकी लष्करी शाळेतली पोरं आहेत आणि सोबत जखमी वैमानिक जिवंत ठेवलाय. तिथे प्रश्न शिस्तीचाच होऊन बसतो.)

अडचण अशी की ‘दुष्ट’ हा शब्द आता पार झिजलाय. ‘जा, दुष्ट कुठला!’ हे लाडानेही म्हणतात. ‘दुष्टावा’ जुन्या मराठीत होता, पण त्याचा रोख वैराकडे. मला नेमका वाटतो तो पसायदानातला शब्द: ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाक जावा असं म्हणतात. रॉजरच्या हातात आहे ती हीच व्यंकटी, जुन्या धाकाने दाबून ठेवलेली. फरक इतकाच की ज्ञानेश्वरांना ती सांडेल असा भरवसा आहे, गोल्डिंगला तो दिसत नाही.

आणि मुलांनी नेता निवडलेला राल्फ, त्याचा सोबती पिगी यांचं काय? वादळी रात्री सगळे घोळक्याने नाचत सायमनला मारतात, तेव्हा हे दोघेही त्या वर्तुळाच्या कडेला असतात. दुसऱ्या दिवशी राल्फ त्याला खून म्हणतो आणि पिगी अपघात. या दोघांना क्रूर म्हणवत नाही, दुष्ट तर नाहीच. मराठीत पिगीच्या सोयीची एक रचना मात्र तयार आहे: ‘हातून घडलं’. कर्ता हळूच बाजूला होतो आणि सगळं हातावर ढकलता येतं. रॉजर पिगीवर शिळा लोटतो, तिथे ‘रॉजरच्या हातून घडलं’ असं कोणी लिहिलं तर मी ते खोडेन. राल्फच्या बाबतीत खोडावं की ठेवावं, हे तुम्ही सांगा.