तळेगावात जिवंत कोंबड्या कुठे मिळतील? (मॉलचं चिकन आता बास!)

मागचं_अंगण
मंडळी नमस्कार. आधी प्रश्न, मग भडास.

मागच्या दिवाळीत आम्ही तळेगावला रो हाऊसमध्ये राहायला आलो. मागे अर्धा गुंठा तरी मोकळी जागा आहे, तिथे चार-पाच कोंबड्या पाळायच्यात, अंड्यांसाठी. पिल्लं नकोत, तयार तलंगा हव्यात, महिन्या-दीड महिन्यात अंड्यावर येतील अशा. कुठे मिळतात, काय भाव आहे, कोणी घेतल्यात का?

आता भडास. गेल्या रविवारी एका मोठ्या चकचकीत दुकानातून (नाव घेत नाही, उगाच लफडं नको) पाऊण किलो करी कटचं पाकीट आणलं. बायको म्हणाली हे फुगलंय का बघ. फोडलं तर असा वास सुटला की शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायला लागल्या, काय हो, उंदीर मेलाय का कुठे. खाली तो डायपरसारखा पॅड असतो ना, तो पिवळट बुळबुळीत. आणि खरी गंमत पुढेच, तारखेचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली अजून एक स्टिकर, दोन दिवस आधीची तारीख! परत घेऊन गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते सर पाकीट फोडलंय, रिटर्न होणार नाही. आता न फोडता वास कसा घ्यायचा ते तिनेच सांगावं. मॅनेजर जेवायला गेलेले. तासाभराने उगवले आणि शंभर रुपयांचं कूपन हातात ठेवलं, तेही त्याच दुकानात वापरायचं!

माझं मत असं झालंय की जिथे भांडायला माणूस सापडत नाही तिथून नासणारी वस्तू घेऊच नये. आमच्या गावी चिकनवाल्याने एकदा वजनात मारलं तर वडिलांनी भर चौकात त्याची शोभा केली होती, पुढच्या रविवारी त्याने आपणहून कलेजी जास्त टाकली. पटतंय का कोणाला?

डालग्याखालची
पटतंय. नऊ कोंबड्या आहेत माझ्याकडे, वडगावच्या पुढे राहते.

तलंगा शोधायची रीत सांगते. मावळात घरोघर कोंबड्या आहेत, पण दारात जाऊन "कोंबडी विकता का" विचारलंत तर कोणी हो म्हणणार नाही, आणि म्हणालं तर अशी म्हातारी देतील की दोन शिट्ट्यांत काय दहा शिट्ट्यांत शिजणार नाही. आधी अंडी घ्यायला जा. तीन-चार वेळा जा, चहा घ्या. मग मावशी स्वतःच म्हणते, एक पठ (म्हणजे तलंगच) जास्तीची आहे, नेता का. मी पहिल्या तीन अशाच आणल्या, साडेतीनशेला एक. बाजारात घ्यायची तर चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार असतो, तिथे कडेला डालगी घेऊन बसलेले लोक दिसतात, पण तिथे डोळे उघडे ठेवून जा. पिल्लांची तयारी असेल तर खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा, पण मग बल्ब लावून ऊब द्या, मांजरीपासून सांभाळा, सगळं आलं. तुम्हाला ते नकोय.

निवडताना: डोळ्यात पाणी नको, नाकाला शेंबूड नको, मागची पिसं विष्ठेने चिकटलेली नकोत. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं तर ठेवून द्या खाली. आणि नवी कोंबडी आणली की दोन आठवडे जुन्यांपासून लांब. मी एकदा आळस केला, मानमोडीने सहा गेल्या चार दिवसांत. माना पिरगळून गोल फिरायच्या, बघवत नव्हतं.

शून्य_ते_चार
मी उलट बोलणार आहे, शिव्या खायची तयारी ठेवून.

अकरा वर्षं चिकन प्रोसेसिंगमध्ये काढली. मागचं अंगण, तुमचं स्टिकरवर स्टिकर हे शंभर टक्के चुकीचं, त्यात वाद नाही, १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाका, फोटो असतील तर. पण त्यावरून "चौकातलं चांगलं, पाकिटातलं वाईट" हे कुठून आलं? चौकातल्या दुकानात नीट उभं राहून बघा कधी. एकच ओंडका, एकच सुरा, एकच फडकं, सकाळपासून रात्रीपर्यंत. पिसं काढायच्या मशीनमध्ये आधीच्या वीस कोंबड्यांची घाण. कापलेला माल हुकाला टांगलेला, मे महिना असला तरी. प्लांटमध्ये कापल्यापासून थंड करतो, शून्य ते चार डिग्रीत ठेवतो, फ्रोजन असेल तर उणे अठरा. ही साखळी तुटली की माल नासतो, मग तो कोणाचाही असो. आणि बहुतेक वेळा ती शेवटच्या दोन तासांत तुटते.

म्हणून एक विचारतो, राग मानू नका. ते पाकीट घेतलंत किती वाजता आणि फोडलंत किती वाजता?

मागचं_अंगण
घेतलं साडेअकराला. मग पेट्रोल, मग सासूबाईंकडे जरा डोकावलो, मग जेवूनच जा म्हणाल्या. फोडलं अडीचला वगैरे.

हो, डिकीत होतं. हो, ऊन होतं. पण स्टिकरचं काय??

शून्य_ते_चार
तीन तास ॲक्टिव्हाच्या डिकीत. दादा, डिकीच्या खाली तर इंजिन तापलेलं असतं, तिथे ठेवलेलं कॅडबरीसुद्धा पातळ होतं. दुकानदार चोर आहेच, पण मुद्देमाल तुम्हीपण शिजवलात.

रस्सामंडळ
😂😂 मुद्देमाल शिजवला

कोल्हापूरकर बोलतोय. हे शून्य डिग्री चार डिग्री सगळं बरोबर असेल हो, पण त्या पाकिटातल्या चिकनचा रस्सा करून दाखवा. बॉयलर म्हणजे तांबड्या रश्श्यात पोहणारं पनीर. पाच आठवड्यांत दोन किलो झालेल्या जिवाला चव कुठून येणार, त्याने कधी किडा टिपला नाही, उकिरडा उकरला नाही. गावरान कोंबडा सहा महिने हिंडलेला असतो, शिजायला तास-सव्वा तास घेतो, पण वर जो तेलाचा पिवळा तवंग येतो ना, तो बघूनच दोन भाकऱ्या जास्त थापायला लावतो माणूस. किमतीचं म्हणाल तर हो, दुप्पट तिप्पट जाते. महिन्यातून एकदा खावा, पण तोच खावा.

आणि त्या बॉयलरला इंजेक्शन देतात फुगवायला, ते वेगळंच.

गुरांचा_डॉक्टर
रस्सामंडळ, चवीचं मान्य, इंजेक्शनचं नाही. हे व्हॉट्सॅपवरचं शास्त्र आहे. दहा हजार पक्ष्यांच्या शेडवर दोन माणसं कामाला असतात, ती कोणाकोणाला सुई टोचत बसणार? बॉयलर भराभर वाढतो तो जातीमुळे आणि खाद्यामुळे, पिढ्यान्पिढ्या निवड करून ती जात तशी केलीय. हार्मोनचा काही संबंध नाही. काळजी करायची तर अँटिबायोटिकची करा, तो प्रश्न खरा आहे. कोलिस्टिन नावाचं औषध, माणसाला बाकी काही लागू पडत नाही तेव्हा शेवटी वापरतात ते, पोल्ट्रीत सर्रास जायचं. २०१९ च्या जुलैत केंद्राने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. अंमलबजावणी किती होते यावर मी इथे बोलत नाही, बायकापोरं आहेत मला.

आता मूळ प्रश्न. घरच्या पाच कोंबड्यांना कोणी लस देत नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं. मानमोडी म्हणजेच राणीखेत. पिल्लाला पाच ते सात दिवसांत लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी ही दुसरी लस टोचायची. अडचण अशी की कुपी असते शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची, आणि एकदा पाणी घालून तयार केली की दोन तासांत संपवायची. पाच कोंबड्यांसाठी पंच्याण्णव डोस नाल्यात. म्हणून गल्लीतले, वस्तीतले कोंबडीवाले एकाच सकाळी गोळा करा, बर्फाच्या थर्मासात कुपी आणा, सगळ्यांचं एका बैठकीत उरका. (बघा, शून्य ते चारवाल्यांची साखळी गावरानलाही लागतेच!) विकत घेताना "लस झालीय" असं सगळेच सांगतात. कुठली, कधी, एवढं विचारा, लगेच कळतं.

आणि कोणी कडकनाथच्या नादाला लावलं तर दोन हात लांब. पक्षी चांगला आहे, झाबुआचा, २०१८ मध्ये त्याच्या मांसाला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. पण "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ" म्हणणाऱ्यांनी इस्लामपूरकडे २०१९ ला किती शेतकरी बुडवले ते आठवा.

ठाण्याची_मावशी
तुम्ही सगळे कोंबडीवरच अडलात, माझं ऐका. आषाढी एकादशी, घरात सासू-सासरे, भगर संपली म्हणून ॲपवरून मागवली. दहा मिनिटांत पिशवी दारात, सासूबाईंनीच घेतली. आतून काय निघावं? चिकन नगेट्स. अर्धा किलो, गार, पाकिटावर हसणारा कोंबडा. सासूबाईंनी ती पिशवी झाडूच्या टोकाने जिन्यापर्यंत ढकलत नेली, मग सगळं घर पुसलं, मग स्वतः परत अंघोळ. कस्टमर केअरवाला म्हणतो मॅडम आयटम तुम्हीच ठेवा, रिफंड करतो. ठेवू कुठे बाबा, विठ्ठलासमोर? शेवटी वॉचमनच्या मुलांनी खाल्ले, त्यांना काही एकादशी नव्हती.

आणि २०२४ च्या जूनमध्ये मालाडला आईस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला होता ते आठवतंय ना, तोही कोन ॲपवरूनच मागवलेला. डीएनए इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगाराशी जुळला. तेव्हापासून आमच्याकडे कोन बंद, फक्त कप, कपात निदान चमच्याने चाचपता येतं 🙈

सिंहगड_रोड
हसू आलं पण एक गंभीर बोलतो. जानेवारी २०२५ ला पुण्यात आमच्याकडे जीबीएसची (गुलेन बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) साथ आली, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. माझा भाचा बारा दिवस आयसीयूत होता. तेव्हा सगळे म्हणाले चिकन बंद करा. चिकनवाले रिकामे बसले, एकाने दुकानाबाहेर फुकट अंडी वाटली तरी कोणी घेईना. मुख्य संशय पाण्यावर होता, पण रुग्णांच्या तपासणीत तो कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला आणि तो कच्च्या कोंबडीतही असतो, गावरान असो की पाकिटातली. म्हणजे तुमचा हा अख्खा वाद माझ्या लेखी बाजूला राहतो. नीट शिजवा. आणि नळाखाली धरून धसाधसा धुऊ नका, सगळे शिंतोडे बाजूच्या कोशिंबिरीवर जातात. माझी आई अजून ऐकत नाही, हळद लावून तीनदा धुते, पण आता निदान काकडी उचलून लांब ठेवते.

डालग्याखालची
न धुता?? शून्य ते चार, गुरांचे डॉक्टर, तुम्ही दोघे खरंच न धुता खाता?

शून्य_ते_चार
मी नाही धूत. बायको धुते. घरात लोकशाही आहे.

मागचं_अंगण
अपडेट. शनिवारी चाकणला गेलो. सात वाजता पोचायला हवं होतं, पोचलो नऊला, चांगला माल तोवर उचलला गेलेला. एका माणसाकडे डालग्यात तांबूस रंगाच्या सहा होत्या. "गावरान तलंगा, पंधरा दिवसांत अंडं" म्हणाला. डोळे बघितले, शेंबूड नाही, मागून स्वच्छ, छातीचं हाड ठीक. चारशे सांगितले, साडेतीनशेला तुटली, चार घेतल्या. आणि हो, यावेळी डिकीत नाही, हवेशीर खोक्यात, थेट घरी, सासूबाईंचा फोन आला तरी थांबलो नाही. एकीने कालच अंडं दिलं! पंधरा दिवस म्हणाला होता, दोन दिवसांत! जिंकलो की नाही?

गुरांचा_डॉक्टर
अभिनंदन. एक काम करा, चारहींची चोच जवळून बघा. वरची चोच पुढे टोकदार आहे का बोथट, कापल्यासारखी? आणि पायांचा रंग सांगा, पिवळा की पांढुरका? मानेवरची पिसं झिजलेली आहेत का?

मागचं_अंगण
थांबा बघून येतो.

तिघींची बोथट. वरची चोच आखूड, खालची पुढे आलीय, दाणा टिपताना दोनदा प्रयत्न करतात, मला वाटलं नवीन जागा म्हणून गोंधळल्यात. पाय पांढुरके. मानेखाली टक्कल. चौथीची चोच चांगली आहे.

गुरांचा_डॉक्टर
तीन लेअर फार्मवरच्या (अंड्यांच्या पोल्ट्रीतल्या) आहेत, पिंजऱ्यातून काढलेल्या. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नयेत म्हणून लहानपणीच चोच कापतात, गावरानची कोणी कापत नाही. अंडी देऊन देऊन पायातला पिवळेपणा बलकात उतरतो. वय दीड वर्ष धरा. तलंग वगैरे काही नाही, आजीबाई आहेत त्या. चौथी खरी असेल.

रस्सामंडळ
अरारारा. म्हणजे स्टिकरवर स्टिकर चाकणलापण आहे 😂

शून्य_ते_चार
मी काही बोलत नाही. फक्त विचारतो, रिटर्न घेतो का तो?

मागचं_अंगण
हसा हसा. पुढच्या शनिवारी जाणार आहे मी, तो तिथेच बसतो, शेजारच्या कांदेवाल्याने ओळख सांगितलीय. भांडणार आहे. कूपन तरी नाही ना देणार.

पण खरं सांगू, परत नाही देणार त्यांना. काल संध्याकाळी सोडल्या तर त्या तिघी दारातच उभ्या, मातीवर पाय ठेवायला घाबरत होत्या. चौथी बाहेर जाऊन खसाखसा उकरायला लागली, तेव्हा कुठे एक-एक करून निघाल्या. आज सकाळी तिघी राखेत लोळत होत्या. बायकोने कुंपणावरून काकूंना अंडं दिलं एक, काकू म्हणाल्या वास तर नाही ना येत.

डालग्याखालची
राहू द्यात, आठवड्याला दोन-तीन देतीलच एकेक. शिंपल्यांचा चुरा ठेवा, कवच पातळ असेल त्यांचं. आणि खुराड्याला जाळी खालून पण लावली का? मुंगूस उकरून येतं. रविवारी इकडे या, माझ्याकडे दोन खऱ्या पठा आहेत, आधी अंडी घ्या मात्र.